फाईल मशीन तीनवर उघडी आहे

दुपारचे तीन वाजले होते. इस्पितळाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये ताई स्वतःच्याच आईची नोंद करायला बसल्या. काम दोन मिनिटांचं. भुलीचं एक इंजेक्शन आईला चालत नाही, एवढंच तिच्या ओळीत लिहायचं. पण चारला खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि वरचे डॉक्टर फाईलमध्ये असेल तेवढंच खरं मानत.

सगळ्या रुग्णांची मिळून असलेली ती एकच फाईल उघडली आणि पडद्यावर चौकट आली. मशीन तीनवर उघडी आहे, फक्त वाचता येईल.

ताईंचं डोकं सणकलं. रोजचंच रडगाणं! एकाने फाईल उघडी टाकून चहाला जायचं आणि बाकीच्यांनी ताटकळायचं.

"कोण बसलंय तीनवर? हात मोडलेत का फाईल बंद करायला?"

"ताई..." टायपिस्ट हळूच म्हणाली, "तीन म्हणजे अण्णांचं. ते तर वारले. त्यांची नोकरी सुटल्यापासून कुणी लावलंच नाहीये."

ताई तरातरा कोपऱ्यात गेल्या. पडद्यावर धूळ, वायर काढून गुंडाळलेली. खुर्चीला मात्र अण्णांच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास होता. ताजा.

अण्णांचं नाव निघालं की ताईंना चीडच यायची. फाईल अडली की तिची कॉपी करायची, कॉपीत काम करायचं आणि संध्याकाळी ती मूळ फाईलवर चढवायची, ही इथली सगळ्यांचीच चोरवाट. सहा महिन्यांपूर्वी ताईंनी तेच केलं. त्याच दुपारी अण्णांनी मूळ फाईलमध्ये एका बाईला कुठलं औषध चालत नाही ते लिहिलं होतं. ताईंची कॉपी चढली, नोंद पुसली, आणि सकाळपर्यंत बाई गेली. आळ अण्णांवर आला. चौकशीत ते मूग गिळून बसले. ताईही बसल्या. अण्णांची नोकरी सुटली आणि तीन महिन्यांत ते गेले.

आताही ताईंनी कॉपीच केली. आईच्या ओळीत लिहिलं, मूळ फाईलवर चढवलं, उघडून पाहिलं. रकाना कोरा. पुन्हा केलं. कोरा. वॉर्डचा फोन लावला तर तो सारखा व्यस्त. आणि तो वास आता थेट त्यांच्या मानेमागे...

"मेल्यावर सूड उगवताय?" त्या ओरडल्या. "माझ्याशी भांडा ना! म्हातारीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

टायपिस्ट उठून भिंतीला चिकटली. ताई जिन्याकडे धावल्या.

वर सिस्टर नुकताच फोन ठेवत होत्या.

"तुमच्या खालूनच होता हो फोन. कुणी वयस्कर गृहस्थ. आईंना ते इंजेक्शन देऊ नका, फाईलवर विसंबू नका, हेच घोकत होते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठेवेचनात. बदललंय आम्ही, काळजी करू नका. पण फार खोकत होते..."

ताईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच ऊर संतापाने भरून आला. एवढं बोलता येत होतं, तर चौकशीत का नाही बोललात? सगळं माहीत असून मला का पाठीशी घातलंत? कुणी सांगितलं होतं?

त्या खाली आल्या. फाईल आता मोकळी होती. त्यांनी गेलेल्या त्या बाईची ओळ शोधली आणि शेऱ्यात एका दमात लिहिलं: 'अण्णांनी नोंद केली होती. माझ्या कॉपीमुळे पुसली गेली. चूक माझी.'

सेव्ह करून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. सावकाश, एका बोटाने काम करणाऱ्या माणसासारखं, मागून पुढे सगळं पुसलं जात होतं.

"नका पुसू..." ताई दातओठ खात म्हणाल्या. "ऐका ना, अण्णा... राहू द्या ते."

त्यांनी पुन्हा लिहिलं. रकाना पुन्हा कोरा झाला.