सत्तेचाळिसावा परिच्छेद

पेटंट कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या परीक्षक बाईंना सगळे त्यांच्यामागे 'चाळणी' म्हणत. तोंडावर म्हणायची मुभा फक्त विभागप्रमुखांना होती, आणि तेही मूड बघून. नाव ठेवणाऱ्याने काही खोटं ठेवलं नव्हतं. नवा शोध म्हणून आलेला अर्ज तिच्या टेबलावरून सहीसलामत सुटला, असं सव्वीस वर्षांत फार थोड्या वेळा घडलं होतं. कुठल्या तरी जुन्या कागदात, एखाद्या विसरलेल्या मासिकाच्या तळटीपेत तोच शोध कुणीतरी आधीच लावून ठेवलेला असायचा, आणि तो तिला सापडायचाच. तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही.

तिची एक सवय होती. अर्ज हातात आला की वाचायच्या आधी ती त्यातले परिच्छेद मोजायची आणि आकडा पेन्सिलीने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहायची. अर्ज एकदा दाखल झाला की त्यात नवा मजकूर घालता येत नाही, हा या कामातला पहिला नियम. तरी आक्षेप निघाला की काही महाभाग दुरुस्तीच्या नावाखाली एखादा परिच्छेद हळूच आत सरकवतात. बाकीचे परीक्षक कॉम्प्युटरवर विसंबायचे. ही बोटाने मोजायची, दोनदा.

त्या दिवशीच्या अर्जावर तिने लिहिलं, ४६.

विषय होता, वेबपानाची माहिती एका अ‍ॅपमधून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये पोचवण्याची पद्धत. असले अर्ज महिन्याला चार यायचे. जांभई दाबतच तिने पान उलटलं, आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान वर केली नाही.

शोध तसा साधा होता. आपण फोनवर एखादं पान वाचतो आणि आवडलं म्हणून दुसऱ्या अ‍ॅपमधून कुणाला तरी पाठवतो. समोरच्याला मिळतो नुसता पत्ता. तो पान पहिल्यापासून उघडतो, चार ओळी वाचतो, सोडून देतो. आपण कुठे अडखळलो, कोणत्या ओळीवर परत आलो, कुठे नुसतेच बघत राहिलो, यातलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. या पद्धतीत ते जात होतं. पानाबरोबर वाचणाऱ्याचे थांबेही जात होते, आणि पुढचा माणूस पहिल्याच्या थांब्यांवरून वाचायला लागत होता.

आणि लिहिलं होतं किती सुरेख. असल्या अर्जांची भाषा वकिलांनी मळून मळून चिवट केलेली असते. ही भाषा कुठल्याच वकिलाची नव्हती. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. चाळणीला मनापासून आनंद झाला. चांगलं काम बघितलं की तिला लहान मुलीसारखा आनंद व्हायचा, हे तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

शोधकर्ती होती सत्तावीस वर्षांची मुलगी. मागे मृत्यूचा दाखला जोडलेला होता. अर्ज दाखल करून पाच आठवडे झाल्यावर ती आजारात गेली होती. आता अर्जदार तिची आई, व्यवसाय कपड्यांचं अल्टरेशन. आईने सोबत एकच ओळ लिहिली होती, की पेटंटवर शोधकर्ती म्हणून मुलीचंच नाव यावं. अक्षर मशीनच्या टाक्यासारखं सरळ होतं.

चाळणीला गलबलून आलं. पण गलबलून आलं म्हणून शोध नवा ठरत नाही. ती शोधाशोधीला लागली.

तिसऱ्या दिवशी तिला हवं ते सापडलं. बारा वर्षांपूर्वीचा एक अर्ज, ज्यात वाचणारा पानावर कुठवर आला आहे ती जागा पुढच्या अ‍ॅपला पाठवली जात होती. म्हणजे मूळ कल्पना जुनीच. तिने सुस्कारा टाकून आक्षेप लिहायला घेतला, आणि एक संदर्भ पडताळायला मुलीच्या अर्जाचं शेवटचं पान काढलं.

तिथे सत्तेचाळिसावा परिच्छेद होता.

'पानावरील जागा पाठवणे आणि त्या जागी वाचक किती काळ व किती वेळा परतला हे पाठवणे, या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने पुस्तक कुठे उघडावे ते कळते. दुसऱ्याने ते का उघडावे ते कळते.'

आक्षेप तिथेच संपला. चाळणी कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने परिच्छेद पुन्हा मोजले. सत्तेचाळीस.

ती तळमजल्यावर नोंदणी विभागात गेली. तिथे मूळ अर्जाची सीलबंद प्रत असते. तिथल्या काकांनी कुरकुरत सील तोडलं, रजिस्टरमध्ये तिची सही घेतली. त्या प्रतीतही सत्तेचाळीस होते. शाई तीच, कागद तितकाच पिवळा.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते पोट धरून हसले. चाळणीची मोजायला चूक झाली, हे आता मी सेवानिवृत्तीच्या भाषणात सांगणार, म्हणाले. तीही हसली. जागेवर आल्यावर तिने ४६ खोडला नाही. त्याच्या खाली ४७ लिहिलं आणि पुढे तारीख घातली.

पुढचा आक्षेप तिने लेखी पाठवला. पान पाठवल्यावर आणि समोरच्याने ते उघडायच्या आत पानातला मजकूर बदलला, तर थांबे भलत्याच ओळींवर जाऊन बसतील, त्याचं काय? प्रश्न खरा होता आणि अवघड होता. आठवड्याभराने आईचं पत्र आलं. 'उत्तर अर्जातच आहे. परिच्छेद ४८ पाहावा.'

तिने पाहिला. थांबा ओळीच्या क्रमांकाला नव्हे, आजूबाजूच्या शब्दांना बांधावा, म्हणजे मजकूर सरकला तरी थांबा त्याच्याबरोबर सरकतो. तीन वाक्यांत उत्तर. चाळणीच्या तोंडून 'वा' निघून गेलं. त्यानंतर मात्र तिच्या अंगावर काटा आला, आणि तो बराच वेळ गेला नाही.

रविवारी सकाळी ती नवऱ्याबरोबर एकच वर्तमानपत्र वाचत बसली होती. तो एका बातमीवर अडला होता, ही दुसऱ्याच. तिच्या मनात आलं, दोघांनी वाचून एकत्र पाठवलं तर कुणाचा थांबा धरायचा? हे ती कुणाला बोलली नाही. नवऱ्यालाही नाही, कागदावर तर मुळीच नाही. मंगळवारी तिने फाइल उघडली. एकोणपन्नासाव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की थांबे दोन असल्यास दोन्ही ठेवावेत. एकाने दुसऱ्याला पुसू नये.

खरं तर तिने घाबरायला हवं होतं. ती घाबरलीही. पण त्याहून जास्त तिला त्या मुलीचं कौतुक वाटत होतं, आणि ती सकाळी लवकर कचेरीत यायला लागली होती. इतकी वर्षं ती लोकांची उत्तरं चाळत आली होती. तिच्या प्रश्नाइतकंच चांगलं उत्तर देणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं. नवरा म्हणाला, काय गं, हल्ली फार खुशीत असतेस. ती म्हणाली, अहो, एक हुशार मुलगी आलीय कामात.

सुनावणी सोमवारी होती. कायद्याने घालून दिलेली शेवटची तारीख त्याच आठवड्यातली, शुक्रवारची. शुक्रवारपर्यंत एक जरी आक्षेप शिल्लक राहिला, तर अर्ज आपोआप रद्द होणार होता आणि मुलीचं नाव कुठेच उरणार नव्हतं.

आई वेळेच्या आधी येऊन बसली होती. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, पर्समधून मोजपट्टीचं टोक बाहेर आलेलं. चाळणीने तिला पाणी दिलं आणि सगळ्या शंकांची उत्तरं मिळाली, अर्ज मंजूर होईल, असं सांगितलं. आईचा चेहरा उजळला नाही. तिने पेला दोन्ही हातांत धरून ठेवला.

"अजून एखादी शंका काढता येईल का, मॅडम?"

चाळणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुमचा कागद घरी आला ना," आई म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खुर्ची गरम होती. मी हात लावून बघितलं. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. दुपारपर्यंत तशी राहिली, मग निवली. तिच्या टेबलावरच्या प्रतीत शेवटी नवा परिच्छेद आलेला होता, त्याचाच आकडा मी तुम्हाला कळवला." तिने खालच्या आवाजात पुढे सांगितलं, की नंतर एकदा तर कागद आला नव्हता तरी गरम होती. मागच्या सोमवारी.

वर्तमानपत्राच्या रविवारनंतरचा तो सोमवार.

तिने आईला शुक्रवारची तारीख समजावून सांगितली. शंका काढली आणि उत्तर आलं नाही, तर नाव जाईल. शिवाय तिच्याकडे खरी शंका उरलेलीच नव्हती, आणि खोटी तिने आजवर कुणाच्याही अर्जावर काढली नव्हती.

"उत्तर येईल," आई म्हणाली. "दिल्याशिवाय ती राहायची नाही. एकदाच, मॅडम."

चाळणीला नाही म्हणवेना. तिने नोटिशीचा कागद ओढला आणि लिहिलं, वाचक थांबला आहे की उठून गेला आहे, हे दुसऱ्या अ‍ॅपला कसं कळेल, ते अर्जात स्पष्ट नाही. ते अगदी स्पष्ट होतं. बाराव्या परिच्छेदात होतं. तिने खाली सही केली. आईने कागद घडी न घालता, छातीशी धरून नेला.

मंगळवारी फाइलमध्ये काही नव्हतं.

बुधवारी सकाळी पन्नासावा परिच्छेद होता.

'परिच्छेद १२ पाहावा. परीक्षकांनी तो पहिल्या दिवशी दोनदा वाचला आहे, दुसऱ्यांदा मोठ्याने.'

बस, इतकंच.

खरं होतं ते. पहिल्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर तिने दार लोटून घेतलं होतं आणि तो परिच्छेद, केवळ आवडला म्हणून, स्वतःलाच वाचून दाखवला होता. खोलीत कुणी नव्हतं.

चाळणीचे कान गरम झाले. भीतीने नाही, शरमेने. इतक्या चांगल्या मुलीला तिने खोटा प्रश्न घातला होता. तिने आक्षेप मागे घेतला आणि अकराच्या आत मंजुरीवर सही केली.

छापून आलेल्या प्रतीत परिच्छेद एकोणपन्नास होते. पन्नासावा कुठे गेला, हे तिने छपाई विभागाला विचारलं नाही.

प्रमाणपत्र टपालाने जायचं असतं. हे ती स्वतः घेऊन गेली. आईचं घर म्हणजे खालच्या मजल्यावरची एक खोली, दाराशी शिलाई मशीन, हँगरवर लोकांचे कोट, आणि आतल्या भिंतीला लागून एक टेबल आणि एक खुर्ची. आईने मुलीच्या नावावरून बोट फिरवलं, एकदा सुलट, एकदा उलट. मग म्हणाली, "त्या बुधवारपासून थंडच आहे." बोलण्यात राग नव्हता.

बसायला दुसरं काही नव्हतं. आईने तीच खुर्ची पुढे केली. चाळणी बसली.

"मला हे वाचून कळत नाही," आई म्हणाली. "तुम्ही वाचाल का मोठ्याने? तो बारावा."

चाळणीने चष्मा लावला.

"वाचक थांबला आहे," तिने वाचलं, आणि ती थांबली. तिथे स्वल्पविराम नव्हता. थांबायचं तिच्या मनातही नव्हतं. मग तिने पुढे वाचलं, "याचा अर्थ तो गेला आहे असा होत नाही."

आई मशीनच्या स्टुलावर खाली बसली.

"इथेच थांबायची ती," आई म्हणाली. "रोज लिहून झालं की मला वाचून दाखवायची. बरोबर इथेच."

चाळणीने परिच्छेद शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या शब्दानंतर तिची जीभ टाळूला लागून सुटली आणि बारीकसा टक् असा आवाज झाला. असा आवाज तिने जन्मात कधी केला नव्हता.

आईने डोळे मिटून घेतले. हात लांब करून तिने चाळणीच्या कपाळावर आलेली केसांची बट कानामागे सारली.

"पुढचा वाच गं," ती म्हणाली.