एका पत्त्यावरचे चौघे

प्रत्येक घराला एक पत्ता असतो, आणि पत्त्यावरून माणूस ओळखता येतो. अड्याळ गावात हे फारसं खरं नाही. तिथे केशवराव मास्तरांच्या वाय-फायवर दोन घरं चालत. शेजारच्या गीताबाई तळ्यातली मासोळी भिंतीवरून द्यायच्या, केशवराव तिथूनच पासवर्ड सांगायचे. व्यवहार चोख होता.

उन्हाळ्याच्या सुटीत घोटाळा झाला. पक्षी-शिबिरासाठी मोबाइलवर परीक्षा होती. मास्तरांची खुशबू, तिचा धाकटा भाऊ अश्वजित आणि गीताबाईंचा मिथुन, तिघांनी ती दिली. मग संयोजकांचा निरोप आला: एकाच इंटरनेट पत्त्यावरून चार पेपर आले आहेत, म्हणजे एकाच मुलाची लबाडी. चारही रद्द.

केशवरावांनी लगेच भिंतीकडे पाहिलं. मिथुन वर्षभर या शिबिराची वाट पाहत होता. तोंड पाडून तो म्हणाला, "काका, मी एकच खेप देली परीक्षा."

"मंग चौथा पेपर का मोरानं देला?" केशवरावांनी विचारलं.

खुशबूला मात्र 'एकाच मुलाची' हे पटेना. तिने तिघांचे मोबाइल ओट्यावर मांडले आणि आपला इंटरनेट पत्ता दाखवणारी साइट उघडली. तिन्हींवर आकडा एकच! राऊटरच्या सेटिंगमध्ये मात्र प्रत्येक मोबाइलला वेगळा नंबर होता. म्हणजे आत ज्याचा त्याचा वेगळा नंबर. बाहेर जाताना राऊटर सगळ्यांना एकच पत्ता चिकटवतो, आणि कोणी काय मागवलं ते ध्यानात ठेवून उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. बाहेरच्याला फाटक दिसतं, आतली माणसं नाही.

"मंग आपण सुटलो," मिथुन म्हणाला.

"चौथा सापडला तं," अश्वजित म्हणाला, आणि मिथुनकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

बरोबर उत्तरं त्याच दुपारी जाहीर व्हायची होती. चौथा ती पाहणारच, आणि नेट अडलं की विचारायला येणारच. खुशबूने पासवर्ड बदलला, कोणालाच सांगितला नाही, आणि तिघं दाराआड बसले.

आधी गीताबाई आल्या, मासोळीची वाटी घेऊन. त्यांची सीरियल अडकली होती. मग गल्लीतला भूपेश भिंतीपाशी घुटमळला. त्याची मॅच अडकली होती. त्याला पासवर्ड कोणी दिला, हा वेगळाच तपास झाला असता. संशय दोघांवरही धरून पाहिला, टिकला नाही.

एवढ्यात आतल्या खोलीतून केशवराव बनियनवरच बाहेर आले. "नेट कोणी बंद केलं? उत्तरं लागून राहिली होती."

"कशाची उत्तरं, बाबा?" खुशबूने विचारलं.

"पाखरांची," ते म्हणाले, आणि थांबले.

पेपर सोपा आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. वय तेरा टाकलं, कारण चौदाच्या वर घेतच नव्हते. स्वतःचा पेपर त्यांनी मोजलाच नव्हता. त्यांच्या मते ती तपासणी होती.

"म्हणजे मोर तुमीच, काका," मिथुन म्हणाला.

खुशबूने मोबाइल बाबांच्या हाती दिला. त्यांनी संयोजकांना फोन लावला आणि सगळा राऊटर असा समजावला, जणू तो त्यांनीच शोधला होता. त्यांचा पेपर रद्द झाला, पोरांचे तिन्ही ग्राह्य धरले गेले. संयोजकांनी खुशबूची तारीफ केली. गीताबाई म्हणाल्या, "मास्तरापेक्षा पोरगी हुशार निंगाली." मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मिथुनची निवड झाली. शिबिरात जागा चाळीस होत्या. अर्ज एकोणतीस आले होते.