चौदा नंबरची बॅन्टम

नेड कॅल्व्हर्टच्या डोक्याची मागची बाजू उरलीच नव्हती.

जुन्या दगडखाणीत तो पालथा पडला होता. शेजारी त्याची बॅन्टम मोटरसायकल आडवी झालेली. पलीकडे दगड फोडायचा घण, दांड्यापर्यंत रक्ताने लडबडलेला. हेल्मेट मात्र बाजूला, एक ओरखडाही नसलेलं.

सार्जंट एनिड हार्कर सुट्टीवर होती. ओढ्या-दगडांतून पाय न टेकता मोटरसायकल न्यायची रविवारची स्पर्धा बघायला ती थर्मास घेऊन आली होती, आणि साडेबारा वाजता कुणीतरी धापा टाकत येऊन तिला हाक मारली होती. ती गुडघ्यांवर बसली. नेडच्या अंगावरची चौदा नंबरची बंडी ओलीचिंब होती. तिनं ती कडेने उचलून बघितली. आतला शर्ट कॉलरपाशी रक्ताने भिजलेला, बाकी कोरडा ठणठणीत. बुटांवर खाणीची पांढरी धूळ.

सकाळपासून पावसाचा थेंब पडला नव्हता.

तिनं गाडीवरून हात फिरवला. इंजिन अजून कोमट होतं. जुनी गाडी सोलून नेडनं बकरीसारखी हलकी केली होती. सायलेन्सर वर उचलून उजव्या पोटरीच्या उंचीवरून उघडाच मागे नेला होता. त्या नळीवर काहीतरी जळून चिकटलं होतं. तपकिरी, उभ्या रेघांचं कापड. आणि हँडल चासीला जिथे मिळतं त्या मानेखाली बोटाएवढी लोखंडी पट्टी वेल्डिंग केलेली, वर ताजा काळा रंग.

तेवढ्यात खालच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू आला.

ती धावत सुटली.

चहाच्या तंबूमागे पाच-सहा जणांनी डेरेक स्पेन्सला जमिनीवर घेतलं होतं. डेरेक जुन्या गाड्या जशाच्या तशा जपणारा माणूस. नेड त्या गाड्यांना करवत लावतो म्हणून महिन्यापूर्वी क्लबात दोघांची हाणामारी झाली होती, आणि ‘एक दिवस तुझीच मान कापतो’ असं डेरेक सगळ्यांसमोर म्हणाला होता. आता लोक त्याला बुटांनी तुडवत होते. जबडा मोडल्याचा आवाज एनिडला दहा पावलांवरून ऐकू आला. लाथ घालणारा विल्फ होता, तिचा सख्खा चुलतभाऊ.

“विल्फ, बाजूला हो.”

“यानंच मारलंय नेडला. बाराला हा कुठे होता, विचार त्याला.”

“विचारीन. त्यासाठी त्याला तोंड राहू दे.”

तिनं विल्फचा दंड पिरगाळून त्याला मागे ओढलं. डेरेक रक्त थुंकत होता. लोकांनी त्याचा एक बूट ओढून काढला होता. एनिडनं दुसराही काढला, पँटचे पाय वर सारले. मोजे कोरडे. पोटऱ्या पांढऱ्याफटक, भाजल्याचा डाग नाही.

“हा नव्हे,” ती म्हणाली.

कुणाला पटलं नाही. पण लोक मागे सरले. तंबूच्या दाराशी गाड्यांचा तपासनीस अर्नल्ड मेटकाफ हातात चहाचा कप घेऊन उभा होता. कामाचा निळा बॉयलर सूट घातलेला, साठीचा, शांत माणूस. तो नजर खाली घालून आत गेला. जाताना उजवा पाय जरा ओढत होता.

एनिडनं ओढ्यावरच्या पंच बाई गाठल्या. डोरा थ्वेट, वय एकाहत्तर, मांडीवर गुणांची वही आणि जिभेला धार.

“नेडला शेवटचं कधी बघितलंत?”

“बाराला दहा कमी. दुसरी फेरी. लिहिलंय इथे, मी काय अंदाजपंचे बोलते?”

“तोच होता?”

“चौदा नंबर, त्याची गाडी, त्याचं हेल्मेट. तोंडाला मफलर. थंडी होती ना.”

“गुण किती?”

“पाच.” म्हणजे दंडाचे पाच, सपशेल नापास. डोराबाईंनी नाक मुरडलं. “पहिल्या फेरीत पाय न टेकता गेला, आणि दुसऱ्या फेरीत तोच माणूस ओढ्याच्या मधोमध दगडासारखा थांबला. उजवा पाय दोनदा दाबला, गाडी जागच्या जागी रुतली, आणि साहेब पाण्यात आडवे. मला वाटलं, प्यायलाय.”

“उजवा पाय? नक्की?”

“पोरी, मी चाळीस वर्षं लोकांचे पायच बघतेय.”



“पाण्यातून उठून कुठे गेला?”

“वर, खाणीच्या वाटेनं. मी ओरडले, रस्ता इकडून आहे. ऐकलं नाही.”

“खाणीतून चहाच्या तंबूपर्यंत चालत किती वेळ?”

“उतार आहे. पाच मिनिटं. माझ्या गुडघ्यांना पंधरा.”

“डोराबाई, अर्नल्ड हल्ली गाडी चालवतात का?”

म्हातारीचा चेहरा उतरला. “कसा चालवेल? गेल्या वर्षी त्याची लेक रोझ गेली ना. नेडनंच तिला बॅन्टम बनवून दिली होती. उतारावर हँडलची मान तुटली आणि दांडा छातीत घुसला. बावीस वर्षांची पोर. नेडनं चौकशीत शपथेवर सांगितलं, चासी शाबूत होती, पोरीनंच दगडावर आपटली. तेव्हापासून अर्नल्ड गाडीवर बसलेला नाही.”

मोठ्या गावातून दोन शिपाई आले तेव्हा दोन वाजले होते. एनिडनं बॅन्टम खाणीतून खाली आणवली आणि तंबूत टेबलाशेजारी उभी केली. घण पिशवीत बांधून टेबलावर ठेवला. मग अर्नल्डला बोलावलं. विल्फ आणि बाकीचे दाराशी दाटले होते. तिनं त्यांना हाकललं नाही. त्यांनी ऐकावं, असंच तिला वाटत होतं.

“अर्नल्ड, सकाळी ही गाडी तुम्ही तपासलीत?”

“सगळ्याच तपासल्या.”

“बाराला दहा कमी असताना कुठे होतात?”

“बाराच्या ठोक्याला इथे होतो. दहा जणांनी बघितलंय.”

“मी बाराला दहा कमी असं विचारलं.”

अर्नल्ड बॅन्टमकडे बघू लागला.

“मग मी सांगते,” एनिड म्हणाली. “ओढ्यात पडलेला माणूस नेड नव्हता. त्याची बंडी भिजली, पण आतला शर्ट कोरडा आणि बुटांवर धूळ. म्हणजे बंडी भिजली तेव्हा ती दुसऱ्याच्या अंगात होती, मग परत नेडला चढवली. नेड त्याआधीच मेला होता. तो तेव्हा जिवंत होता असं दिसावं म्हणून कुणीतरी त्याच्या वेशात गाडी चालवली.”

दाराशी कुजबुज झाली.

“दुसरं. या जुन्या गाड्यांत गिअर उजव्या पायाला असतो. नेडचा उजवा घोटा पूर्वी मोडलेला. म्हणून त्यानं गिअर डाव्या पायाला घेतला होता आणि ब्रेक उजव्याला. हे सगळ्या क्लबाला ठाऊक आहे. ओढ्यातल्या माणसालाही ठाऊक होतं. पण त्याचा जन्म उजव्या पायानं गिअर टाकण्यात गेलेला. पाण्यात घसरल्यावर डोक्यातलं पायापर्यंत पोचलं नाही. त्यानं गिअर समजून ब्रेक दाबला.”

“असे पन्नास जण आहेत इथे,” अर्नल्ड म्हणाला.

“आहेत. पण त्या पन्नास जणांच्या पायात गुडघ्यापर्यंत कातडी बूट आहेत. या नळीवर कापड जळलंय. म्हणजे गाडीवर बसलेला माणूस आज स्पर्धक नव्हता. सकाळी मी आले तेव्हा तुम्ही उभ्या रेघांच्या कापडाची तपकिरी कॉर्डरॉय पँट घालून गाड्या तपासत होतात. दुपारी वर बॉयलर सूट चढवलात. उजवा पाय दाखवा.”

अर्नल्ड हलला नाही. शिपायानं वाकून बॉयलर सूटचा पाय वर केला. आत तपकिरी कॉर्डरॉय, मांडीपर्यंत ओली. पोटरीवर भोक पडलेलं, आणि त्यातून लाल फुगलेली कातडी दिसत होती.

“का, तेही सांगते,” एनिड म्हणाली. “या मानेखाली पट्टी आहे. सकाळी तपासताना ती तुम्हाला दिसली. रोझची गाडी नेमकी तिथेच तुटली होती. तिथला जोड कच्चा राहतो हे नेडला माहीत नसतं, तर स्वतःच्या गाडीला त्यानं तिथे पट्टी कशाला मारली असती?”

“विचारलं मी त्याला.” अर्नल्डचा आवाज सपाट होता. “खाणीत कार्बोरेटर साफ करत बसला होता. हेल्मेट, बंडी हँडलला टांगलेली. म्हटलं, नेड, कधीपासून माहीत होतं? तो म्हणाला, रोझला गाडी दिली त्याच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका चासीला तडा दिसला होता. म्हणाला, एवढं काही होईल असं वाटलं नव्हतं. आणि परत वाकून काम करायला लागला. घण तिथेच पडला होता. पहिल्या घावात तो मेला असेल. मी मारतच राहिलो.”



“आणि डेरेक?” एनिडनं विचारलं. “ते त्याला तुडवत होते. तुम्ही चहा पीत होतात.”

अर्नल्डनं वर बघितलं, आणि पुढच्या क्षणी टेबलावरचा घण पिशवीसकट त्याच्या हातात होता. त्याचा रोख माणसांवर नव्हता. तो बॅन्टमच्या मानेवर तुटून पडला. एनिड मध्ये गेली आणि दुसरा घाव तिच्या मनगटावर बसला. हाड कडकन मोडलं. दोन्ही शिपायांनी अर्नल्डला खाली पाडलं तेव्हा त्याच्या तोंडातून फेस येत होता आणि तो एकच नाव घेत होता. ते नेडचं नव्हतं.

इस्पितळात एनिडच्या हाताला प्लास्टर घातलं. खाली येताना ती डेरेकच्या खाटेशी थांबली. त्याचा जबडा तारांनी बांधला होता, तीन बरगड्या मोडल्या होत्या. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं, मग पाटी मागितली आणि हळूहळू लिहिलं: मला कुणी मारलं?

“तुला माहीत आहे,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि खाली लिहिलं: सगळे शेजारी आहेत. सोडून दे.

सोमवारी सकाळी सात वाजता एनिडनं विल्फचं दार ठोठावलं. त्याची बायको अंडी तळत होती. तिनं हसून एनिडला आत बोलावलं, हाताला काय झालं विचारलं, आणि तिच्यासाठी ताट काढलं.

एनिड बसली नाही.

“विल्फ, कोट घाल,” ती म्हणाली. “आणि बाकीच्यांची नावं वाटेत सांग.”