हेकरूच्या कानातलं तांबं

डॉ. इरावती पाटणकरांच्या प्रयोगशाळेत जनार्दन खवळे आता पाहुण्यासारखा बसत नसे. दोन वर्षं तो आणि बंदरावरचे इतर मच्छीमार हेकरू माशांची डोकी इथे आणून देत होते. कुठला मासा कुठल्या खडकावर लागला, तेही सांगत. माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या बुंध्यातल्यासारखी दरवर्षी एक वळी चढते. बुडालेल्या होडीच्या तळरंगातलं तांबं पाण्यात उतरलं की ते त्या वर्षीच्या वळीत मुरतं. इरावतीबाई त्याला ‘ताम्रलेख’ म्हणत. त्यावरून आजवर सात बुडालेल्या होड्या सापडल्या होत्या.

आठवी होडी जनार्दनच्या थोरल्या भावाची, मोतीरामची निघाली. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात ती त्याच्यासकट नाहीशी झाली होती. पाणबुड्याच्या कॅमेऱ्यात सुकाणूवरचं पत्र्याचं ठिगळ दिसलं. ते जनार्दननेच ठोकलं होतं. त्याला रडू आलं नाही.

“जनार्दनभाऊ, साल जुळत नाही,” बाई म्हणाल्या. “तांबं सात वर्षांपूर्वी सुरू होतंय.”

“मासो मागाहून इलो आसात.”

“नऊ मासे तपासले. त्यांतले तीन वीस-वीस वर्षांचे आहेत. हेकरू आपलं बीळ सोडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. नऊही खड्यांत तांबं एकाच वर्षी उतरलंय.”

जनार्दन पडद्याकडे पाहत राहिला. “म्हणजे वादळातून तो वाचलेलो.”

बाईंनी दुसरं चित्र लावलं. होडीचा नांगर टाकलेला होता. गावापासून अवघ्या दोन मैलांवर.

मधली चार वर्षं तो कुठे होता, हे कुठल्याच माशाच्या कानात लिहिलेलं नव्हतं.

“अहवालात काय लिहू?” बाईंनी हळूच विचारलं.

“जा आसा ताच लिवा.”

घरी कुंदा मागल्या दारी बांगडे साफ करत होती. ती मोतीरामची बायको. तीन वर्षं वाट पाहून, घरच्यांच्या सांगण्यावरून जनार्दनने तिच्याशी लग्न केलं होतं.

“होडी गावली?”

“गावली.”

“वादळातच बुडलेली मा?”

“नाय. चार वर्षांनी. हयसरच, खडपाभायर तो नांगर टाकून होतो.”

विळीवरचा तिचा हात थांबला नाही. उरलेले बांगडे तिने साफ केले, पाणी ओतलं, हात धुतले.

“आमचा लगीन झाल्यार?”

“वर्षान,” जनार्दन म्हणाला.

कुंदाने परात उचलली आणि आत नेली.