खाली दडवलेला आवाज

मांडवातल्या डीजेवर हळदीचं गाणं लागलं आणि शामकला हळदीची वाटी हातात धरून जागीच थबकली... तो आवाज तिचा होता! शेजारीण मात्र कौतुकानं म्हणाली, "तुमच्या उमेंद्रची बायको का गोड गाते वं! डिंपलचं हे गाणं साऱ्या देवरीत वाजून राहिलं!"

वाटी तिथंच ठेवून शामकला तडक घरी निघाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता तिच्या! आई-बाप गेल्यावर स्वतःच्या लग्नाचा विचार सोडून तिनं उमेंद्रला, या धाकट्या भावाला, वाढवलं, त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये खडखड नको म्हणून शिवणयंत्र बंद ठेवलं, आवाज घुमू नये म्हणून धानाची पोती ओढत नेऊन त्याच्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना लावली... आणि त्यानं तिचाच आवाज चोरावा?

"उमेंद्र! डिंपलले चाल समजावी म्हणून गाऊन दे, मंग पुसून टाकतो म्हणला होता ना? पुसलं काऊन नाही?"

उमेंद्रनं कानावरचा हेडफोन काढला. "ताई, तिचा आवाज बारीक पडून राहिला होता. म्हणून तुहा खाली ठेवला. मिक्सिंगमध्ये असे थर देतेतच..."

"मी का सारवण आहो, खाली लिपाले? माहं नाव कुठी आहे त्या गाण्यावर?"

आवाज ऐकून डिंपल दारात येऊन उभी राहिली.

"माहा आवाज बंद कर, अन् ऐकव तिले!" शामकला भावाला म्हणाली.

उमेंद्रनं मान खाली घालून कॉम्प्युटरवर ताईचा आवाज बंद केला. उरला डिंपलचा कोवळा, एकाकी, सुरावरून घसरणारा आवाज... ती पांढरीफटक पडली.

"तुमी त म्हणले, मशीननं सुधारला!" ती हुंदका देत ओरडली. "गावभर मी ताईच्या वाट्याचं कौतुक घेत फिरली! मलेही फसवलं तुमी!"

त्या हुंदक्यासरशी डिंपलवरचा राग विरला; भावावरचा मात्र दुप्पट झाला. शामकलानं भावजयीला पोटाशी धरलं.

"चुकलो, ताई... लोक तिले हसतीन म्हणून..." उमेंद्र पाया पडायला वाकला.

"पाया नको पडू! खुर्चीवर बस अन् गाणं पुन्हा मिक्स कर!"

"ताईचा आवाज वर," डिंपल डोळे पुसत म्हणाली, "माहा खाली. अन् नाव पयले ताईचं."

उमेंद्रनं कॉम्प्युटरवर ताईचा आवाज चढवला. पहिल्या ओळीआधीचा तिचा श्वाससुद्धा त्या खोलीत स्पष्ट ऐकू आला. शामकलाचे डोळे घळाघळा वाहू लागले, तरी ती कडाडलीच,

"अजून वर घे!"