अमानत साबणाची कढई

"अमानत साबणात चरबी सापडली, साहेब. कारखान्यापुढं माणसं जमलीत. लवकर चला."

हवालदार रघूचं बोलणं ऐकून फौजदार हिरामण म्हात्रे पाटावरून उठले. खोटं कशाला सांगा, पहिल्या क्षणी त्यांना बरंच वाटलं.

एकोणीसशे छप्पन सालच्या मुरुडात अमानतवाल्या गनीशेठ उलड्यांचा हेवा न करणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता. ओला साबण वजनाला जास्त भरतो, म्हणून गनीशेठ तो पुरता सुकवूनच विकत. तडकलेली वडी तडा दाखवून स्वस्तात देत. वेष्टनावर अल्लाचं नाव छापत नसत, कारण उद्या त्याच कागदात कुणी बोंबील बांधेल. हे सगळं म्हात्र्यांना तोंडपाठ होतं, कारण त्यांची बायको वेणूबाई जेवताना रोज तेच ऐकवायची. आपल्या बायकोने दुसऱ्याच्या सचोटीचे गोडवे गावेत, हे कुठल्या नवऱ्याला रुचेल?

साबणात निव्वळ खोबरेल, चरबीचा थेंब नाही, हा गनीशेठचा शब्द होता. त्या शब्दावर मुरुडपासून बोर्ली पंचतनपर्यंतच्या हिंदू घरांत अमानत साबण देवघराच्या भांड्यांनाही चालायचा. तो शब्द खोटा ठरला, तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

कारखाना म्हणजे माडांच्या वाडीतली एक मोठी पडवी. मधोमध कढई, तिच्यात दाट, पिवळसर साबण. कोपऱ्यात भिकू कोळी मान खाली घालून उभा. पन्नाशीचे गनीशेठ खांबाला टेकले होते.

"कढई कोणी चढवली?" म्हात्र्यांनी विचारलं.

"मी. पहाटे," गनीशेठ म्हणाले. "दुपारी आम्ही सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलो. रमजानचा जुम्मा, कोण चुकवणार? जाळावर भिकू होता."

"एकटाच?"

"एकटाच. परत आलो तर माझे थोरले चुलतभाऊ इस्माईलभाई ओरडत होते, कढईत चरबी पडली म्हणून. भिकूच्या टोपलीत चरबीने माखलेलं फडकं निघालं."

"साबण तयार झाला का, ते कसं ओळखता?"

"जिभेच्या टोकाला लावून. रमजानात ते काम भिकू करतो. रोजेदाराने साबण जिभेला लावायचा नाही. थुंकून टाकला तरी नाही. चुकून गिळला गेला तर? हा नियम इस्माईलभाईंनीच घातलाय. साबण करायला त्यांनीच मला शिकवलं."

म्हात्रे भिकूकडे वळले. "चरबी टाकलीस?"

"न्हाय, साहेब. धा वर्सं हितं खातोय."

"कढई सोडून कुठं गेला होतास?"

"मागं लाकडं आनाया. लई येळ न्हाय लागला."

"तू चाखला होतास?"

"व्हय, बांग झाली तवा. जिभेला चावत हुता. खार मुरला नव्हता अजून."

"आणि चरबी?"

"ती जिभेला कशी कळंल? जीभ खार सांगते, दुसरं काय न्हाय."

इस्माईलभाई बाहेर बाकावर बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, भोवती निम्मा मोहल्ला. रघूने फौजदारांसाठी चहा मागवला होता. त्यातला एक पेला त्यांच्यापुढेही आला. त्यांनी हातानेच तो दूर सारला.

"माझा रोजा आहे. सातव्या वर्षापासून एकही सुटलेला नाही. विचारा कुणालाही."

म्हात्र्यांनी ओशाळून आपलाही चहा परत पाठवला. "चरबी तुम्हाला कशी कळली, चाचा?"

"नमाजाहून सगळ्यांत आधी मी आलो. कढईतला साबण बोटावर घेतला, जिभेला लावला आणि समजलो. चाळीस वर्षं या जिभेवर साबण पारखलाय मी. गनी तेव्हा माझ्या हाताखाली लाकडं फोडत होता."

"आता मात्र नाव त्याचं आहे."

"नाव काय, कुणाचंही होतं," इस्माईलभाई म्हणाले. पण बोलताना त्यांचा गाल उडाला. ते उडणं म्हात्र्यांनी ओळखलं. वेणूबाई गनीशेठचं कौतुक करायची तेव्हा त्यांचा स्वतःचा गाल असाच उडायचा.

"आणि टोपलीत बघायचं कसं सुचलं?"

"दुसरं कोण होतं इथं?"

म्हात्रे पडवीत एक फेरी मारून आले आणि सगळ्यांना कढईभोवती बोलावलं. इफ्तारला अजून अवकाश होता. गर्दी दारापर्यंत आली.

"भिकूला नेणार?" कुणीतरी विचारलं.

"आधी एक गोष्ट सांगा, चाचा. तुमचा आजचा रोजा मोडला ना?"

इस्माईलभाई ताडकन पुढे आले. "कोण म्हणतो?"

"तुम्हीच. साबण जिभेला लावलात म्हणालात. आणि या कारखान्यात रोजेदाराने तो थुंकण्यापुरताही चाखायचा नाही, हा नियमही तुमचाच. मग आज तुम्ही रोजेदार नव्हतात, असंच ना?"

मोहल्ला त्यांच्याकडे बघत होता. इस्माईलभाईंनी दाढीवरून हात फिरवला. साबण चाखला म्हणावं तर आयुष्यभराची इभ्रत जात होती.

"रोजा आहे माझा," ते शेवटी म्हणाले. "खुदाकसम आहे. साबण जिभेला लावला नाही मी."

"मग चरबी कळली कशी?"

इस्माईलभाई कढईकडे बघू लागले. म्हात्रेच पुढे बोलले.

"चाखून ती कळतच नाही, हे भिकूने सांगितलं. चाळीस वर्षं साबण करणाऱ्याला ते ठाऊक नसेल? कढईत चरबी आहे हे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी फक्त तुमचा शब्द ऐकला आणि फडकं पाहिलं. नमाजाहून तुम्ही आधी आलात. भिकू लाकडं आणायला गेला तेवढ्यात फडकं टोपलीत टाकलंत आणि ओरडलात. गावाचा तुमच्या पारखीवर विश्वास, म्हणून कुणी पुढे विचारलंच नाही. मीही आज मनातून गनीशेठवर जळतच इथं आलो, चाचा. म्हणून तुमचं जळणं मला लवकर दिसलं."

इस्माईलभाईंनी मान खाली घातली. "लोक म्हणतात, गनीचा साबण. गनीचं इमान. हे मिश्रणाचं प्रमाण माझं, हा हात माझा. माझं नाव कुणी घेतं? रात्रंदिवस आतून जळत होतो मी." मग त्यांनी घाईने मान वर केली. "पण कढईत काही टाकलं नाही, गनी. फडकं कढईपर्यंत नेलं होतं, पण टाकायला हात पुढे झाला नाही. तो माझा साबण आहे रे. तो शुद्ध आहे."

गनीशेठ कढईपासून वळले. मग भिकूजवळ गेले आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. नंतर म्हणाले, "कढई वाडीमागच्या खड्ड्यात ओता."

"गनी, शुद्ध आहे तो. मी सांगतो ना."

"असेल, भाईजान. सकाळपर्यंत नुसत्या तुमच्या शब्दावर मी तो मुंबईला विकायला पाठवला असता. आता कशावर पाठवू?"

चौघांनी कढई उचलली. निरपराध भिकूला तुरुंगात धाडायला निघालेल्या इस्माईलभाईंच्या डोळ्यांना तोवर पाणी आलं नव्हतं. साबण खड्ड्यात पडू लागला, तेव्हा ते लहान मुलासारखे रडायला लागले.