डुगडुगता चौरंग, किंचाळणारं घड्याळ

त्या लाकडी पेटाऱ्यावर पालिकेची चिठ्ठी नव्हती, सगळा घोळ तिथूनच झाला. सोल शहरात रस्त्यावर सामान टाकायचं तर पैसे भरून चिठ्ठी चिकटवावी लागते. चिठ्ठी नाही म्हणजे कुणीतरी चोरून टाकलाय, असं सेबोमनं ठरवून टाकलं आणि पितळी कड्यांचा तो पेटारा ओढत अर्ध्या चढावापर्यंत आणला.

"अहो, कुठे निघालात?" मागून कुणीतरी धापा टाकत आलं.

"घरी."

"माझा पेटारा घेऊन?"

तो थेगुन. त्याच दिवशी तिच्याच गल्लीत राहायला येत होता बिचारा, पेटारा खाली ठेवून गाद्या वर नेत होता. सेबोमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इतकी ताकद आहे तर आता वरपर्यंत पोचवाच," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावर घसरला... आणि तिचं काळीजही.

सेबोम रेशमी पोशाखांच्या दुकानात शिवणकाम करायची, उरलेल्या चिंध्या जोडून पडदे करायची. तिची खोली जुन्या बाजारातल्या वस्तूंनी भरलेली. ते कळल्यावर थेगुन म्हणाला, "माझंही घर लावून द्या ना." मग दर रविवारी दोघं जुन्या बाजारात. आधी माशाच्या वड्यांचा गरम रस्सा, मग खरेदी. कसं छान चाललं होतं!

पण रस्सेवाल्या मावशीनं मिठाचा खडा टाकलाच. "एकटा मुलगा दोन खोल्या घेतो होय? लग्न ठरलंय त्याचं. घर मुलाचं, सामान मुलीच्या पसंतीचं, तीच रीत."

नेमकं त्याच दिवशी थेगुननं विचारलं, "बायकांना आरसा कुठे लावलेला आवडतो हो?"

झालं. सेबोमला वाटलं, सरळ विचारावं, तर तो हो म्हणाला तर...? विचारलंच नाही. उलट दुष्टपणा सुचला. डुगडुगता चौरंग दाखवून म्हणाली, "हाच घ्या." मग दर तासाला चुकीच्या वेळी किंचाळणारं घड्याळ. मग डोकं फुटलेलं चिनीमातीचं माकड. येऊ दे नवरी, भांडू दे दोघांना.

आणि थेगुन? मुकाट्यानं घ्यायचा! चौरंगावर जेवायचा, सांडलेलं पुसायचा. तिला काही कळेना. हा आंधळा आहे, की प्रेमात इतका बुडालाय?

शेवटी त्यानं पडदा मागितला. तो तिनं मुद्दाम वाईट शिवायला घेतला, पण हात ऐकेनात. पिकल्या पर्सिमन फळाच्या नारिंगी रंगाशेजारी आपोआप फिकट निळा आला, टाके मुंगीसारखे बारीक. शिवताना ती दोनदा रडली.

थेगुननं पडदा खिडकीला लावला. ऊन आत आलं, भिंत रंगली. तो गोंधळून बघतच राहिला.

"हा... कुणी शिवला?"

"मी. का?"

"नाही, म्हणजे... सुंदर आहे. तुमची आवड तर—" तो माकडाकडे बघून थांबला.

सेबोमचा बांध फुटला. "मला का ते माकड आवडतं? मुद्दाम वाईट वस्तू निवडल्या मी. तुमच्या होणाऱ्या बायकोनं वैतागावं म्हणून. झालं समाधान?"

"कोण बायको?"

"मला काय माहीत! मावशी म्हणाल्या..."

थेगुन चौरंगावरच बसला. चौरंग डुगडुगला.

"माझी आई येऊन-जाऊन असते, म्हणून दोन खोल्या. आणि आरशाचं तुम्हाला विचारत होतो, तुमच्यासाठी."

"मग या भंगाराला 'नको' का नाही म्हणालात?"

"मला वाटलं, तुला हेच आवडतं." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, कानापर्यंत लाल होऊन. "त्या घड्याळानं तीन आठवडे झोप नाही मला. पण तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे त्याच्याबरोबरही राहावं लागणार... म्हणून सवय करून घेत होतो."